दादा, एक कोटेशन हवंय

लंडन, १९ जून २०२२

ती. दादा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी म्हटलं, की श्रीलंकेतल्या हॉस्पिटलांना आम्ही औषधं पाठवतोय, तर तू विचारलंस, "श्रीलंकेशी आपला काय संबंध?" मी तोंड उघडते तोवर वहिनीने फोन घेतला आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं, की सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर तिने खोका ठेवलाय आणि उरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपांनी तो अर्धा भरलाही. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू वरच्या चार ओळी वाचून अंगठा पाठवला असतास. प्रिंट काढ आणि लोकलमध्ये वाच, बसायला जागा मिळालीच तर.

संबंध असा. आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत माझ्या वरच्या जागेवर श्रीलंकेतल्या कँडी शहराच्या एक बाई आहेत. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांचा मावसभाऊ तिकडे सरकारी हॉस्पिटलात सर्जन आहे. त्या देशात सरकारी हॉस्पिटलातले उपचार फुकट. आता मात्र डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, नातेवाईक दुकानं पालथी घालतात आणि हात हलवत परत येतात. मार्चअखेरीस कँडीजवळच्या पेराडेनियाच्या मोठ्या हॉस्पिटलने औषधांअभावी ठरलेली ऑपरेशन्स थांबवली, ही बातमी तू वाचली असशील. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनीही तेव्हा जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. अक्कांचा भाऊ सांगतो, की एकदा वापरून फेकायच्या नळ्या हल्ली उकळून जपून ठेवतात. अक्का हे जेवणाच्या सुट्टीत सांगतात आणि पुन्हा काउंटरवर जाऊन उभ्या राहतात. मी त्याच काउंटरवर रोज त्याच नळ्यांचे खोके फोडते. मग माझा संबंध नाही कसा?

तू पुढे म्हणालास, "पैसे पाठवा की तिकडे, तिथेच घेतील औषधं." गोम इथेच आहे. तिथे रुपये आहेत, डॉलर नाहीत. त्यांची शंभरातली पंचाऐंशी औषधं आयात होतात आणि आयातीला डॉलर लागतो. १२ एप्रिलला सरकारने जाहीर केलं, की परदेशी कर्जाचे हप्ते आम्ही थांबवतोय. मे महिन्यात अर्थमंत्री म्हणाले, की वापरता येईल असं परकीय चलन पाच कोटी डॉलरसुद्धा उरलेलं नाही. पाच कोटी म्हणजे किती? वरळीत एक बरा टॉवर उभा करायला याहून जास्त लागतात. एवढ्यावर सव्वादोन कोटी लोकांचं तेल, गॅस, दूधपावडर आणि इन्सुलिन आणायचं. गेल्या आठवड्यात तर सरकारी नोकरांना शुक्रवारची सुट्टी जाहीर झाली. पेट्रोल वाचवा आणि परसात भाजी लावा म्हणून!

हे कसं झालं याचा पाढा वाचत नाही. २०१९ ला ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट, त्याच वर्षअखेरीस करांत भरमसाट कपात, मग कोविडने पर्यटन बसवलं, आणि २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतं बंद. कर्ज होतंच. पण एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते, कारण ती आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांबद्दल आहे. तिथल्या सरकारने डॉलरचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास बांधून ठेवला होता. बँकेतून पाठवले तर दोनशे, आणि उंडियलवाल्याकडून, म्हणजे तिकडच्या हवालावाल्याकडून, त्याहून बरेच जास्त. दुबईत राबणारा माणूस काय करेल? बँकेतून घरी येणारे पैसे २०२० मध्ये ७१० कोटी डॉलर होते, ते २०२१ मध्ये साडेपाचशे कोटींच्या आत आले. माणसांनी घरी पैसे पाठवणं थांबवलं नव्हतं. डॉलर तेवढे देशाबाहेरच राहिले. मार्चमध्ये रुपया मोकळा सोडला, आता भाव साडेतीनशेच्या वर गेलाय.

मग १३ एप्रिलला त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या नव्या गव्हर्नरांनी परदेशातल्या लोकांना हाक घातली: आमच्या खात्यांत देणगी भरा, अन्न, इंधन आणि औषधं यांखेरीज कशावरही खर्च करणार नाही. ब्रिटनमधलं खातंही होतं. अक्कांच्या घरी त्या रविवारी आम्ही जमलो तेव्हा हाच विषय निघाला. खात्यात पैसे भरायला कोणी तयार नव्हतं. आणि ही काही कंजूष माणसं नव्हेत. त्याच बैठकीत पाकिटं निघाली आणि पाच आकडी पौंडांचा शब्द जमला. फक्त सरकारच्या हातात द्यायचे नाहीत, एवढंच सगळ्यांना मान्य होतं.

बाकी काहीच मान्य नव्हतं. उत्तरेकडच्या जाफन्याचे एक तमिळ अकाउंटंट आहेत, हिशेब तेच सांभाळतात. ते शांतपणे म्हणाले, २००९ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी वन्नीत, आमच्या तमिळ भागात, औषधं संपली होती, तेव्हा ही बैठक कुठे होती? खोलीत कोणी हूं की चूं केलं नाही. अक्का सिंहली. त्यांनी वाद घातला नाही, माफीही मागितली नाही. मदत द्यायच्या हॉस्पिटलांच्या यादीवर जाफन्याच्या हॉस्पिटलचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. तेही काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहिला चेक त्यांचाच आला. मला हे फार मोठं वाटलं. मी बाहेरची असल्यामुळे दोन्हीकडचे लोक मला चहा पाजून आपापली बाजू सांगतात, तो भाग वेगळा.

तू हसू नकोस. आपणही काही वेगळे नाही. १९९१ आठवतं ना? तू दहावीत होतास. आप्पांनी पेपर वाचून टेबलावर आपटला होता: देशाचं सोनं गहाण टाकलं! जुलैत ४७ टन सोनं रिझर्व्ह बँकेतून निघून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गेलं, त्यावर चाळीस कोटी डॉलर मिळाले. त्याआधी मे महिन्यात २० टन स्वित्झर्लंडच्या बँकेकडे. आपल्याच फोर्टातून विमानतळाकडे जाताना ताफ्यातल्या एका गाडीचा टायर फुटला आणि पहारेकऱ्यांची तारांबळ उडाली, असं नंतर छापून आलं. पण आप्पांनी तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचा अर्थ मला इथे आल्यावर लागला. संकट दिसू लागताच अनिवासी भारतीयांनी आपल्या ठेवी भराभर काढून नेल्या होत्या. गणपतीला वर्गणी देणारे, परदेशात मराठी शाळा चालवणारे, तेच. आणि १९९८ मध्ये, अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले तेव्हा, स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले, डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज दिलं, तर याच लोकांनी ४२० कोटी डॉलर आणून ओतले. मी त्यांना नावं ठेवत नाही. लांबचा माणूस मायेने फोन करतो, पैसे मात्र भरवसा बघून पाठवतो. श्रीलंकेच्या सरकारकडे आज व्याज द्यायलाही काही नाही आणि भरवसाही नाही. मग भरवसा कुठे आहे? एका वॉर्डच्या सिस्टरवर, एका सर्जनवर, आणि बिल दाखवणाऱ्या व्यापाऱ्यावर. म्हणून तुझ्या औषधवाल्या शेठची आठवण झाली.

आमचं ठरलंय ते असं. पौंड शेवटपर्यंत पौंडच ठेवायचे. कोलंबोत नेऊन त्यांचे रुपये केले, तर ते रुपये घेऊन कोणीतरी पुन्हा डॉलरच शोधत फिरणार. त्याऐवजी औषधं भारतात विकत घ्यायची आणि मालच पाठवायचा. इथल्या किमतीत एक खोका येतो त्यात आपल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात किती येतात हे तुला सांगायची गरज नाही.

पैसे आम्ही एका नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली जमा करतोय. वर्षाला पाच हजार पौंडांच्या वर जमवायचे तर इथे नोंदणी लागते, आणि कर भरणाऱ्याने नोंदणीकृत संस्थेला एक पौंड दिला तर सरकार वरून पंचवीस पेन्स घालतं. ते कोण सोडणार? आधी एका बँकेने खातं उघडायला इतके प्रश्न विचारले की अक्का म्हणाल्या, कर्ज मागितलं असतं तर लवकर मिळालं असतं.

आता वहिनीचा खोका. तिला वाईट वाटू देऊ नकोस, पण तो खोका कुठेही जाणार नाही. अर्धी स्ट्रिप म्हणजे बॅच नंबर एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर. शिवाय दान म्हणून पाठवायच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्पष्ट आहेत: पोहोचल्यावर किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, आणि रुग्णांना दिलेली, त्यांच्याकडून परत आलेली औषधं नकोत. हे नुसतं कागदी नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात जगाने सुमारे ४,००० टन औषधं पाठवली. त्यातली साठ टक्के त्यांच्या राष्ट्रीय यादीतच नव्हती. जखमींकडे बघायचं सोडून माणसं खोके निवडत बसली. वहिनीला खरंच काही करायचं असेल तर तिच्याकडे दुसरं काम आहे, ते खाली लिहिते.

तुला काम असं. सोबत यादी जोडली आहे, ती अक्कांच्या भावाच्या आणि जाफन्याच्या, अशा दोन्ही हॉस्पिटलांनी सही-शिक्क्यासकट पाठवली आहे. माझ्या मनाने मी त्यात काही घातलेलं नाही. मॉर्फिन तेवढं काढलं, कारण त्याच्या परवानग्या वेगळ्या आणि त्यात आपण महिने घालवू. इन्सुलिन, भुलीची इंजेक्शनं, टाके घालायचा धागा, कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी), लहान मुलांची फिट्सची औषधं. सलाईन नको, पाण्याचं वजन विमानाने न्यायचं म्हणजे वेडेपणा. शेठना यावर कोटेशन द्यायला सांग. ब्रँड कुठलाही चालेल, पण जेनेरिक नाव लेबलवर ठळक हवं. प्रत्येक बॅचचं चाचणी प्रमाणपत्र लागेल. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं, कारखान्यापासून विमानापर्यंत. "बर्फ टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून घेऊ नकोस. त्यांच्याकडे निर्यातीचा कोड आहे का तेही विचार. नसेल तर बाजूच्या गाळ्यातल्या कोणाचा तरी असेलच, पण मग बिल कोडवाल्याच्याच नावाने फाडायचं.

माल निघण्याआधी कोलंबोच्या औषध नियामकाची परवानगी अक्कांचा भाऊ मिळवतोय. ती हातात आल्याशिवाय एक खोकासुद्धा हलवायचा नाही. गोदामात अडकलेलं इन्सुलिन कोणाच्याच कामाचं नाही.

आणि हे नीट वाच: पैसे तुझ्या खात्यात येणार नाहीत. तू म्हणालास, "माझ्याकडे टाक, मी देतो शेठला." नाही. मी ब्रिटिश पासपोर्ट घेतल्यापासून परदेशी देणगीच्या कायद्यात मी परकी. बहिणीने भावाला घरखर्चाला पैसे पाठवणं वेगळं आणि पन्नास लोकांनी जमवलेली वर्गणी भावाच्या बचत खात्यात येणं वेगळं. उद्या कोणी विचारलं तर तू काय दाखवणार? इथली संस्था सरळ शेठच्या पेढीच्या खात्यात, बिलाच्या बदल्यात, मालाची किंमत म्हणून पाठवेल. व्यापारातली किंमत ही देणगी धरत नाहीत. तुझं कमिशनही त्यात घे. मी गंमत करत नाही. फुकट केलेलं काम शेठ तिसऱ्या दिवशी बाजूला ठेवतील. बिलावरचं काम वेळेत होईल.

तू म्हणशील, एवढ्याशा खोक्यांनी काय होणार? भारत सरकारने शंभर कोटी डॉलरची उधारी दिली आहे, तामिळनाडूने ४०,००० टन तांदूळ, दूधपावडर आणि औषधं जाहीर केली, पहिलं जहाज १८ मे रोजी चेन्नईहून सुटलंही. ते व्हायलाच हवं, आणि त्यापुढे आम्ही कोण? पण जहाज बंदरात लागतं. तिथून गोदाम, गोदामातून जिल्हा, मग हॉस्पिटल. लहान मुलांच्या मापाची कॅन्युला त्या तांदळाच्या जहाजात कोणी मागितलेली नसते. ती सर्जनच्या यादीत असते.

वहिनीचं काम: प्रत्येक खोक्यावर काय आहे, किती आहे, कोणत्या वॉर्डसाठी आहे, याची पावती. तिचं अक्षर सुरेख आहे आणि आकड्यांत ती तुझ्याहून पक्की आहे. जाफन्याच्या अकाउंटंटना पावती लागते, आणि ते वहिनीला फोन करून प्रश्न विचारतील. तिला सांगून ठेव, इंग्रजी सावकाश बोलतात. खोक्यातल्या स्ट्रिपा ज्याच्या त्याला परत करा, नाहीतर केमिस्टला विचारून नष्ट करा. कचऱ्यात टाकू नका.

आईचे गुडघे कसे आहेत? पावसात जिन्यावरून उतरू देऊ नका. तिला हे सगळं सांगू नकोस. सांगितलंस तर ती बांगडी काढून देईल, आणि मग मला तिथे यावं लागेल.

कळावे, लोभ आहेच.

तुझी धाकटी

ता. क. कोटेशनमध्ये जीएसटी वेगळा दाखवायला सांग. निर्यातीच्या मालाची किंमत ठरवताना तो धरायचा नसतो, आणि इथे प्रत्येक पौंडाला अकाउंटंट तीनदा विचारतात. शुक्रवारच्या आत पाठवलंस तर रविवारच्या बैठकीत ठेवता येईल.