तीन टक्के, एक चिंचोका आणि मीटरभर सुतळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाने वृत्तपत्रांचे रकाने आणि वाहिन्यांचे पडदे भरून गेले होते. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्यावर गेली, १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्के झाली, तो पडू शकेल अशा संभाव्य पट्ट्यातील शहरांमध्ये मुंबईचेही नाव आले आणि पुढच्या आठवडाभरातच शक्यता ०.००४ टक्क्यांवर उतरून विषय संपला. बहुतेक ठिकाणी हे आकडे बरोबरच छापले गेले. परंतु ते आधी का चढले आणि मग एकाएकी का कोसळले, हे मी वाचलेल्या बातम्यांत कुठेही सांगितलेले नव्हते. माझे म्हणणे तेवढ्याचपुरते आहे.

मी तालुक्याच्या गावी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरही शाळेच्या मैदानावर मुलांना आकाश दाखवते. त्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, आकडा रोज वाढतोय, म्हणजे तो रोज जवळ येतोय ना?” तिच्या विचारात चूक काढण्यासारखे काही नव्हते. तापाचा पारा चढत असेल तर दुखणे वाढते आहे असेच आपणही समजतो. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट होती. हा लघुग्रह २५ डिसेंबर २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून अधिक अंतरावरून, निघून गेला होता. चिलीतील ‘ॲटलास’ दुर्बिणीला तो दिसला २७ डिसेंबरला. बातम्या रंगात आल्या तेव्हा तो दूर जात होता आणि दिवसेंदिवस अंधुक होत होता.

त्या मुलीसाठी मी टेबलावर शंभर सेंटीमीटर सुतळी ताणून ठेवली आणि तिच्यावर साधारण एक सेंटीमीटर रुंदीचा चिंचोका ठेवला. सुतळी म्हणजे २०३२ मध्ये लघुग्रह जिथे जिथे असू शकेल त्या सगळ्या जागा आणि चिंचोका म्हणजे पृथ्वी. सूर्याभोवती सुमारे चार वर्षांत फेरी मारणाऱ्या वस्तूच्या वाटेचा काही आठवड्यांचाच तुकडा हाती असताना आठ वर्षांनंतरची जागा काढायची, तर आजची केसाएवढी चूक तिथे लाखो किलोमीटरची होते, म्हणून सुतळी एवढी लांब. शंभरात एक, म्हणजे एक टक्का. नवी निरीक्षणे येतात तशी ही लांबी कमी होत जाते. मी सुतळीची टोके कापत कापत ती बत्तीस सेंटीमीटरवर आणली. चिंचोका जागचा हललाही नव्हता, पण आता तो बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के झाला होता. आणखी एकदा कात्री चालवली ती चिंचोक्याच्या अलीकडे, आणि तो सुतळीच्या बाहेर पडला. मुलगी लगेच म्हणाली, “म्हणजे आकडा आपल्या माहितीचा होता, दगडाचा नव्हता.” खरी सुतळी मध्ये दाट आणि टोकांकडे विरळ असते. म्हणूनच शक्यता एका झटक्यात नाहीशी न होता १९ फेब्रुवारीला १.५ टक्के, मग ०.२८ टक्के अशी उतरत गेली.

डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीतही असेच घडले होते. १३ एप्रिल २०२९ रोजी तो आदळण्याची शक्यता चढत चढत २.७ टक्क्यांपर्यंत गेली आणि मार्च २००४ मधील जुन्या छायाचित्रांत तो सापडल्यावर कक्षा इतकी नेमकी ठरली की २०२९ चा धोका बाद झाला. आकडा आधी चढून मग कोसळणे हा अशा बातमीचा नेहमीचा क्रम आहे आणि तो पहिल्याच दिवशी सांगता येतो. खगोलशास्त्रज्ञांनी आकडे लपवून न ठेवता रोजच्या रोज जाहीर केले, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांच्या या मोकळेपणाचा उपयोग वाचकाला व्हायचा असेल, तर आकड्याच्या शेजारी त्याचा अर्थही छापला पाहिजे.

मुंबईच्या उल्लेखाविषयीही हेच म्हणावेसे वाटते. तो पट्टा पॅसिफिकच्या पूर्व भागापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत हजारो किलोमीटर पसरलेला होता आणि त्यातला बराचसा भाग पाण्याचा होता. ३.१ टक्के हा आकडा त्या अख्ख्या पट्ट्याचा होता, मुंबईच्या वाट्याला त्याचा अगदी लहानसा अंश येत होता. मुंबईचे नाव मथळ्यात आले आणि हा खुलासा मात्र कुठेच आला नाही. ज्यांची मुले-नातवंडे मुंबईत आहेत अशा माझ्या गावच्या कितीतरी घरांत त्या दिवशी फोनाफोनी झाली.

लघुग्रहाचा आकार ४० ते ९० मीटर असा मोघम दिला गेला, तोही हलगर्जीपणामुळे नव्हे. दुर्बिणीतून फक्त उजेड कळतो आणि काळा मोठा कातळ व फिकट लहान गोटा दुरून सारखेच उजळ दिसू शकतात. पुढे अवकाशातील जेम्स वेब दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली तेव्हा व्यास सुमारे ६० मीटर ठरला. शब्दांकडेही थोडे लक्ष द्यावे असे वाटते. सूर्याभोवती फिरतो तो लघुग्रह, वातावरणात पेटून दिसते ती उल्का आणि जमिनीवर येऊन पडतो तो अशनी. मराठीत हे तीन स्वच्छ शब्द असताना एकाच बातमीत तिन्ही एकमेकांच्या जागी वापरलेले मी पाहिले आहेत.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या दूरचित्रवाणी उपग्रहांच्याही आतून, जाणार आहे. तो आदळणार नाही हे पक्के ठरले आहे आणि युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियातील लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह इतक्या जवळून जाताना पाहण्याची ही दुर्मीळ संधी आहे. त्या वेळी भीतीचे मथळे येण्याआधीच आपल्या दैनिकाने हा चढ-उताराचा हिशेब एका साध्या आकृतीसह छापावा, आणि पुन्हा कधी एखाद्या लघुग्रहाची शक्यता पहिल्या पानावर चढली तर ती उतरल्याची बातमीही पहिल्याच पानावर, तेवढ्याच आकारात द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका