बाई, लेकीचा डावा हात डावाच राहिला

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली सत्तरी तालुक्यात झाली आणि निरोपाच्या दिवशी गर्दीत तुमच्याशी धड बोलताही आलं नाही, म्हणून हे पत्र. मुद्दाम उघड लिहिते आहे. पहिलीच्या वर्गात तुम्ही काय केलंत ते इतर आईबापांनीही वाचावं, असं मनापासून वाटतं.

आमची लेक तुमच्याकडे आली तेव्हा तिने लिहिण्याचा धसका घेतला होता. आधीच्या बालवाडीत चौथ्या वर्षीच क ते ज्ञ वहीत उतरवून घ्यायचे. पेन्सिल डाव्या हातात दिसली की काढून उजव्या हातात द्यायचे. ती पेन्सिल मुठीत आवळायची आणि कागद फाटेपर्यंत दाबायची. तुम्ही आधी तिची वहीच बाजूला ठेवलीत. पालकसभेत तुम्ही समजावलं होतंत की मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः तिथे नुसती कूर्चा असते आणि तिची हाडं होण्याचं काम पहिलीच्या वयात पुरं झालेलं नसतं. एवढ्याशा हाताकडून पानभर अक्षरं कशी मागायची? हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग वर्गात अबोली आली. मुलं घरून फुलं आणायची आणि तुम्ही त्यांना फाती, म्हणजे गजरे, करायला बसवायचात. नाजूक देठ दोऱ्यात अडकवताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपोआप जुळतात. तीच पकड पुढे पेन्सिलीला लागते, हे मी खिडकीतून बघून शिकले. जमिनीवर खडूने हातभर मोठा र काढायचा, त्यावर चिंचोके मांडायचे, मग त्यावरून बोट फिरवायचं. पाटी आली ती त्यानंतर.

अक्षरंही तुम्ही वर्णमालेच्या क्रमाने घेतली नाहीत. र जमला की त्याच वळणातून स. व बसला की ब आणि क. प आला की ष आणि फ. ट वरून ठ आणि ढ. एक वळण हाताला बसलं की दोन-तीन अक्षरं पदरात पडायची आणि मुलांचा हुरूप वाढायचा. शिरोरेघ मात्र नेहमी शेवटी, शब्द पुरा झाल्यावर.

पण बाई, खरे आभार मानायचे आहेत ते डाव्या हाताबद्दल. तुम्ही स्वतः उजव्या हाताने लिहिणाऱ्या. तरी तिला दाखवायचं म्हणून तुम्ही डाव्या हाताने खडू धरायचा सराव केलात. फळ्यावरची तुमची ती वाकडी व आणि क मी पाहिली आहेत. तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलंत, म्हणजे शेजारणीच्या कोपराला कोपर लागणार नाही. वही जराशी उजवीकडे कलती, डावा कोपरा वर, हात ओळीच्या खाली. पेन्सिलीला टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर लाल दोरा गुंडाळून दिलात. बोटं त्या दोऱ्यावर राहिली की लिहिलेलं अक्षर तिला दिसायचं आणि हाताने पुसलंही जायचं नाही. शिरोरेघ ती उजवीकडून डावीकडे ओढायची, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ओढू दे. वाचणाऱ्याला रेघ कुठून सुरू झाली ते दिसत नाही." मला ते फार पटलं.

घरी सासूबाईंचा जीव खालीवर होत होता. "दाव्या हातान बरयनात गो," म्हणजे डाव्या हाताने लिहीत नाहीत गं, हे त्यांचं रोजचं. देवाधर्माच्या गोष्टी उजव्या हाताने करायच्या असं ऐकत वाढलेलं माणूस, त्यांचंही काही चुकत नव्हतं. तुम्ही चहाला आलात आणि वाद न घालता सांगितलंत की दहातलं साधारण एक माणूस डावखुरं असतं. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण सही डाव्या हाताने करतो. १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर लिहिता लिहिता उजवा हात दुखायला लागला, तेव्हा गांधीजींनी डाव्या हाताने पानंच्या पानं लिहिली. गांधीजींचं नाव ऐकून सासूबाई गप्प झाल्या. चवथीच्या आरत्या नातीने वहीत उतरवल्या, तेव्हा ती वही त्यांनी स्वतः शेजारणींना दाखवली.

एक लहानशी गोष्ट राहिली. फोनवर दंडाचा, म्हणजे हिंदीत असतो तसा उभ्या काठीचा, ल बघून लेक गोंधळली होती. तुम्ही पाकळीचा ल आणि देठाचा श हातात बसवलात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली हीच रूपं मराठीसाठी ठरवली आहेत. आमच्या पेडण्यात घरी कोंकणी आणि शाळेत मराठी. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यातही कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी, त्यामुळे तुम्ही लावलेलं हे वळण तिला दोन्ही भाषांत उपयोगी पडतंय. आता ती आजीची बाजाराची यादी कोंकणीत लिहिते, मावशीला पत्र मराठीत.

बाई, एक विनंती आहे. माझ्या जावेचा मुलगा यंदा अंगणवाडीत जातो, तोही डावखुरा. लाल दोऱ्याची पेन्सिल मी तिथल्या ताईंना दाखवली. वही कशी कलती ठेवायची, मुलाला कुठे बसवायचं, हे त्यांना तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. सामान न्यायला याल तेव्हा अर्धा तास काढाल का? सासूबाईंनी घरची सोलं (आमसुलं) तुमच्यासाठी बांधून ठेवली आहेत, तीही न्या.

आपली नम्र,
तुमच्या डावखुऱ्या विद्यार्थिनीची आई
पेडणे, गोवा