माळावरची चार अंडी आणि माझा डावा पाय : वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायला उशीर झाला त्याबद्दल माफी असावी. डावा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, उशीवर उशी ठेवून त्यावर टाकलाय आणि मांडीवर मोबाइल घेऊन एका अंगठ्यानं टाइप करतोय, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच सांभाळून घ्या.

मी सोलापूर जिल्ह्यातला, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करतो. आणि गेली चौदा वर्षं दर रविवारी, कधी कधी गुरुवारी पण, गावाबाहेरच्या माळावर पक्षी बघायला जातो. जुनी दुर्बीण आहे, तिच्या एका डोळ्यात बुरशी आलीय, तरी चालतं. जे दिसलं ते वहीत आणि आता पोरीनं शिकवल्यापासून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर. शिक्षण आयटीआय. हे आधीच सांगतो कारण तुमच्या खात्यातल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं की तुम्ही बॉटनी केलंय का झूऑलॉजी.

आता मुद्दा. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह झाला. ५ तारखेला चितमपल्लीसाहेबांचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, म्हणून हा आठवडा सरकारनंच ठरवलाय, चांगली गोष्ट आहे. आमच्याकडं पण कार्यक्रम झाला, मांडव, माइक, शाळेची पोरं उन्हात बसवलेली. मला शाल, नारळ आणि प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्रावर ‘पक्षिमित्र’ ऐवजी ‘पक्षमित्र’ छापून आलंय. कुठल्या पक्षाचा ते लिहिलं नाही म्हणून बरं, नाहीतर गावात राहणं मुश्किल झालं असतं. तर त्याच स्टेजवर एका अधिकाऱ्यांनी माइकवर सांगितलं की या माळावर मार्च ते जुलै, म्हणजे जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, एकही मशीन येणार नाही, हा माझा शब्द आहे. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. एवढंच नाही तर त्यांनी मागितला म्हणून मी चौदा वर्षांचा घरट्यांचा नकाशा दिला, कुठं माळटिटवी, कुठं धाविक, कुठं पखुर्डी, सगळं हातानं काढलेलं.

११ एप्रिलला माळावर गेलो तर सगळीकडं चुन्याच्या फक्कीचे ठिपके. ओळीनं, दर तीन मीटरवर एक. आणि खालच्या अंगाला सलग समतल चर खोदून पण झालेले. एक ठिपका माळटिटवीच्या घरट्यापासून वीतभर पण नव्हता साहेब. घरटं म्हणजे तुम्हाला वाटेल काड्याबिड्या असतील, तसं काही नसतं. जमिनीत बशीएवढा खळगा, कडेनं बारीक खडे लावलेले आणि आत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला करून, मातीसारखीच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मादी उन्हात चोच उघडी टाकून त्यावर उभी होती, बसलेली नाही, उभी, कारण दुपारी अंडी उबवायची नसतात तर सावली द्यायची असते. मधेच उडून ओढ्यातल्या डबक्यात पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. मी हे एक तास बघितलं. तिच्या पायाला चुना लागलेला होता.

आमच्याकडं एक म्हातारा मेंढपाळ आहे, तो टिटवीची अंडी मोजतो. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. त्याला दाखवलं तर खूश झाला, म्हणाला यंदा पाणी हाय.

मी फोन केले. पहिला फोन : मीटिंगमध्ये आहेत. दुसरा : बघतो. तिसरा : ते काम आमच्याकडं नाही, जमीन महसूलची आहे, आम्ही फक्त रोपं लावणार. महसूलकडं गेलो तर म्हणाले लागवड फॉरेस्टची, आमचा काय संबंध. ऑनलाइन तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. निकालात काय लागलं ते कळलं नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात कागद मागवला तो परवा हातात पडला आणि तो वाचून मी हसावं का रडावं कळेना. प्रस्तावात लिहिलंय, ‘क्षेत्र पडीक व मोकळे असून वृक्षविरहित आहे, लागवडीस योग्य’. आणि सोबत नकाशा कुठला जोडलाय? माझा! मी नकाशात जिथं ‘झाडं नाहीत, गवत चांगलं’ असं लिहिलं होतं तेवढंच उचललंय. टिटव्यांच्या फुल्या झेरॉक्समध्ये उडाल्यात.

आता माझ्या पायाचं सांगतो. १४ एप्रिलला पहाटे साडेचारला निघालो, मशीन सुरू व्हायच्या आत घरट्याभोवती दगड आणि लाल फडकी लावावीत म्हणून. बॅटरी तोंडात धरलेली, हातात काठ्या. चौदा वर्षं चालतोय त्या माळावर, डोळे मिटून चालू शकतो असं वाटायचं. पण चर माझ्या ओळखीचे नव्हते. डावा पाय चरात गेला आणि घोट्यातून असा आवाज आला, वाळकी काटकी मोडल्यावर येतो ना तसा. दीड तास पडून होतो. फोन कुठं उडाला सापडला नाही. उजाडल्यावर चंडोल गायला लागले डोक्यावर, इतर वेळी मी वही काढली असती, त्या दिवशी शिव्या दिल्या त्यांना. मला उचललं कुणी, तर जेसीबीच्या ड्रायव्हरनं. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, परगावचं. त्यानं मला गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं आणि जाताना विचारलं, काका तुम्ही एवढ्या अंधारात कशाला आला होता. सांगितलं तर म्हणाला मी तेवढी जागा सोडतो. या सगळ्या प्रकरणात ‘कुठाय घरटं’ असं विचारणारा हा एकच माणूस, हे लिहून ठेवा. त्यानं सकाळी जागा सोडली पण. दुपारी सुपरवायझर आला, ओळ वाकडी दिसतीय म्हणाला, आणि ओळ सरळ करून घेतली. पोरानं संध्याकाळी फोन करून सांगितलं, रडत नव्हता पण गप्प गप्प होता.

घोट्याला दोन ठिकाणी फ्रॅक्चर. प्लेट टाकायची का नाही यावर डॉक्टरांची चार दिवस चर्चा, शेवटी नाही टाकली. बेचाळीसच्या उन्हात प्लॅस्टर म्हणजे काय असतं ते तुमच्या एसीत कळणार नाही. आत घाम, त्याला खाज, खाजवायला झाडूची काडी, ती एकदा आत मोडली, ती काढायला परत दवाखाना. आणि एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन असतो. विहिरी तळाला जातात, मोटरी कोरड्या चालतात, कॉइल जळतात, दुकानात ओळ लागते. यंदा शटर खाली. दिवसाला हजार-अकराशे धरले तरी दीड महिन्याचे पन्नास हजार गेले, दवाखाना वेगळाच. बायको आधीच म्हणायची की टिटवी घरादारावरून ओरडत गेली की अपशकुन असतो आणि तुम्ही तिच्या मागं जाता. आता ती काही बोलत नाही, नुसती चहा ठेवून जाते, ते जास्त लागतं. मेव्हणा येऊन म्हणाला पक्षी बघायचे तर घरात डिस्कव्हरी लाव.

जाऊ दे. नुकसानभरपाई मागत नाहीये मी. पण हिशेब मागतोय. आमचा माळ साधारण चाळीस हेक्टर. तीन बाय तीन मीटरवर खड्डा म्हणजे हेक्टरी अकराशे अकरा, म्हणजे चव्वेचाळीस हजाराच्या वर खड्डे. माझ्या वहीप्रमाणं त्या माळावर दरवर्षी जमिनीवरची घरटी मला सापडतात पंचवीस ते तीस, न सापडलेली तिप्पट धरा, हा माझा ढोबळ अंदाज आहे, चूक असेल तर तुमच्याकडचा आकडा सांगा. तुमच्याकडं आकडा आहे का? जिल्ह्यातला निम्मा माळ असाच गेला असेल, निम्मा नसेल तर पाव तर नक्की. मोजणार कोण? झाडं मोजता तुम्ही, तीही लावलेली, जगलेली नव्हे.

राज्यानं २०१६ ला दोन कोटींचं टार्गेट घेतलं, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी. २०११ च्या जनगणनेनं आपण सव्वाअकरा कोटी, म्हणजे त्या एका वर्षात तान्ह्या बाळासकट माणशी तीन झाडं. माझ्या वाटणीची तीन कुठं आहेत ते एकदा दाखवा, मी पाणी घालीन. पुढं चौकशीला आमदारांची समिती नेमायचं पण ठरलं. पण माझं भांडण किती जगली यावर नाहीच. माझं म्हणणं असं की माळावर जगली तर जास्त वाईट! तुम्ही लावता ते गिरिपुष्पाचं झाड वाढलं की खाली कुसळी नाही, पवन्या नाही, मारवेल नाही, म्हणजे माळाचं गवतच नाही. गवत गेलं की काळवीट गेलं, खोकड गेलं, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी रात्री गवतातच उतरतात ते गेले. झाडावर शिकरा बसायला जागा झाली म्हणजे चंडोलाच्या पिल्लांचं संपलंच. आणि मेंढपाळाला चराईबंदी. मेंढ्या गेल्या की लांडगा काय खाणार, मग तो गावात आला की तुम्ही पिंजरा आणणार, आणि पिंजऱ्याचं टेंडर निघणार.

हे सगळं ज्या एका शब्दावर उभं आहे तो शब्द म्हणजे पडीक. इंग्रजांना ज्या जमिनीतून सारा मिळायचा नाही ती पडीक, ते गेले आणि शब्द सातबाऱ्यावर ठेवून गेले. शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा झाडे जगवा’ लिहिलंय, गवताचं चित्र काढलेली एक भिंत मला महाराष्ट्रात दाखवा. पक्षी म्हणजे झाडावरचा, असं तुमच्या खात्याला कुणी शिकवलं? राज्यपक्षी सुद्धा हरियाल निवडला, जो वड-उंबरावरून खाली उतरायचा कंटाळा करतो. चांगला पक्षी आहे, माझं त्याच्याशी वैर नाही.

आणि सोलापूरवाल्यांना माळाचं काय होतं हे सांगायची गरज नाही. १९७९ ला आमच्याकडं माळढोक अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर, कागदावर. त्यात गावं, शेतं, साखर कारखाने सगळंच आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, माळढोकाचं नाव काढलं की माणसं चिडायची. पक्ष्याचा काय दोष होता त्यात? मग क्षेत्र कमी करून बाराशे-सव्वाबाराशेवर आणलं. कमी झालं ते बरोबरच, पण मधल्या काळात पक्षी पण कमी झाला. आता रानात देशभरात दीडशेच्या आत राहिलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. या अभयारण्यातल्या नान्नजला लोक येतात, मनोऱ्यावर चढतात आणि विचारतात माळढोक कुठाय. पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, वर्षाला बहुधा एकच अंडं, समोरचं नीट दिसत नाही आणि वजनामुळं ऐनवेळी वळता येत नाही, तो विजेच्या तारेवर आदळून मरतो. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटवाल्यांनी थरच्या वाळवंटात अंदाज काढला, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला ८४ हजार पक्षी तारांना धडकून मरतात, सगळ्या जातींचे मिळून. सुप्रीम कोर्टानं २०२१ ला तारा जमिनीखाली घ्या म्हणून सांगितलं, २०२४ ला तो सरसकट आदेश मागं घेऊन समिती नेमली. सोलर पण पाहिजे, मला कळतं, मी स्वतः मोटरीवर पोट भरणारा माणूस आहे. पण सोलर घालायला जागा कुठली? पडीक. तारा कुठून न्यायच्या? पडीकातून. झाडं कुठं लावायची, कचरा डेपो कुठं, एमआयडीसी कुठं? फिरून फिरून माळावर. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल निघाला, माझ्यासारख्या तीस हजार लोकांच्या नोंदींवर बेतलेला, त्यात गवताळ माळावरच्या पक्ष्यांची घसरण स्पष्ट लिहिली आहे. माझ्या पण नोंदी त्यात असतील कुठंतरी. वाचला का तुम्ही? तुमच्या पीएनं तरी?

कायद्याचं पण सांगतो, पडून पडून तेवढं वाचून झालंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना त्रास देणं येतं. म्हणजे मी गोफणीनं एक टिटवी पाडली तर शिकारी, आणि सरकारी वर्कऑर्डरवर चार अंड्यांवरून बकेट फिरली तर वनमहोत्सव. गुन्हा कुणावर दाखल करू? त्या पोरावर मी करणार नाही.

मागण्या तीनच आहेत, पत्राच्या मानानं कमी वाटतील. माळावर लागवड थांबवा, निदान जिथं घरट्यांच्या नोंदी आहेत तिथं. मार्च ते जुलै मशीन नको, माइकवर नाही तर लेखी द्या. आणि सातबाऱ्यावर पडीक ऐवजी गवताळ माळ लिहायला काय लागतं ते महसूलवाल्यांना एकदा विचारून बघा, तुमचं ऐकतील, आमचं नाही.

शक्य झालं तर स्वतः या. माझं प्लॅस्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात निघणार आहे, काठी घेऊन मी दाखवीन सगळं. बूट घालून या आणि अंधारात येऊ नका, चर अजून उघडेच आहेत.

आपला,
एक ‘पक्षमित्र’ (प्रमाणपत्राप्रमाणे)

ता.क. काल रोपांचा टेंपो येऊन गेला असं कळलं. गिरिपुष्पच आहे. म्हाताऱ्या मेंढपाळाला मी अंड्यांचं अजून सांगितलेलं नाही, तो रोज येऊन पावसाचं विचारतो.