चाचण्या जास्त, म्हणून बाधितही जास्त

व्यावसायिक खेळाडूंना कोरोनाची लागण सर्वसामान्यांपेक्षा अधिक होते, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. साथीच्या काळात मोठ्या स्पर्धांमधील खेळाडूंची चाचणी लक्षणे असोत वा नसोत, ठरावीक दिवसांनी, काही ठिकाणी तर रोज होत असे. सामान्य माणूस ताप-खोकला आल्यावरच चाचणीला जाई, तेही अनेक जण टाळत. साहजिकच लक्षणविरहित संसर्ग खेळाडूंमध्ये नोंदला गेला आणि इतरांमध्ये निसटला. अशा दोन आकड्यांची तुलना करणे योग्य नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चाचणीची सक्ती नव्हती. अमेरिकेचा नोआ लाइल्स बाधित असतानाच २०० मीटर धावला, कांस्यपदक जिंकला आणि त्याचा संसर्ग जगाला कळला तो शर्यतीनंतर. असे न सांगितलेले आणखी किती असतील! खेळाडूंच्या हृदयावर व फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांचा प्रश्न गंभीर आहे. म्हणूनच बाधितांच्या आकड्याशेजारी एकूण चाचण्यांचा आकडाही आपण आवर्जून छापावा, ही विनंती.

– एक क्रीडाप्रेमी वाचक