इंजेक्शनच्या तारखेला नाडीही बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातली निवृत्त अंगणवाडी सेविका. बाळांची वजनं, लसींच्या तारखा, पोषण आहाराच्या नोंदी यांत माझं आयुष्य गेलं. आता घरात एकच वही चालू आहे. तिच्यात मालकांच्या नाडीचे ठोके लिहिते. ही वही उशिरा सुरू झाली, म्हणून हे पत्र.

आमच्या मालकांचं वय ७२. गेल्या दिवाळीच्या आधी लघवीच्या त्रासावरून तपासण्या झाल्या. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारी रक्ततपासणी, वाढलेला निघाला, मग बायोप्सी, मग हाडांचं स्कॅन. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; तिचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात पोचला होता. पुरुषी हार्मोनवर हा आजार पोसतो, म्हणून तो हार्मोनच खाली आणायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. तो हार्मोन बनूच नये म्हणून रोज पहाटे उपाशीपोटी अबिरॅटेरोनच्या चार गोळ्या. आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात अन्न नको. पोट भरलेलं असलं तर ही गोळी रक्तात कितीतरी पटीनं जास्त उतरते. शिवाय प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची बारीक गोळी. पीएसए झपाट्यानं उतरला. मणक्याचं दुखणं कमी झालं, माणूस पुन्हा शेताच्या बांधापर्यंत चालत जायला लागला. आम्ही हरखून गेलो.

या इंजेक्शनानं अंगात गरमीच्या लाटा येतात. बसल्या जागी बनियन भिजायचं, कानशिलं लाल व्हायची. थकवाही यायचा. हे होणारच, असं आम्हाला सांगितलं होतं, त्यामुळं पुढं जे काही झालं ते सगळं आम्ही त्याच खात्यावर टाकत गेलो.

वैशाखातली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. मालकांना दोन दिवस जुलाब झाले होते. रात्री अंगणात बाजेवर पडले होते, एकदम उठून बसले. म्हणाले, "छातीत काहीतरी फडफडायलंय." मी म्हणाले, "इंजेक्शनची गरमी असंल, पाणी प्या आन पडा." माझ्या या एका वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. तासाभरानं पाय लटपटायला लागले, तेव्हा मनगट धरलं. पाऊस उघडल्यावर पत्र्यावरनं थेंब पडतात ना, दोन लगोलग, मग एक नाही, मग तीन घाईघाईनं, तशी नाडी लागत होती. १९९३ च्या भूकंपात दगडमातीतून माणसं उकरून काढणारा हा माणूस. त्या रात्री माझा हात सोडत नव्हता.

१०८ ला फोन केला. लातूरला पोचल्यावर ईसीजी काढला: ठोके १४८, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळत नव्हते, नुसते थरथरत होते. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. रक्तातलं पोटॅशियम २.७ आलं. ते साडेतीनच्या वर असावं लागतं, नाहीतर ठोके बिघडू शकतात.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट केली, जी आधीच्या सहा महिन्यांत कुणी केली नव्हती. म्हणाल्या, "मावशी, गोळ्यांची पिशवी इथं उलटी करा." कॉटवर सगळी पाकिटं ओतली आणि त्यांनी एकेक उचलून बघितलं.

प्रेडनिसोलोनची तीन पाकिटं जशीच्या तशी निघाली. पारावर कुणीतरी सांगितलं होतं की स्टिरॉइडनं हाडांचा भुगा होतो, आणि मालकांनी मला न सांगता ती गोळी बंद केली होती. हाडं ठिसूळ होतात हे खोटं नाही, त्यासाठी कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व देतात. पण ही गोळी कशासाठी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अबिरॅटेरोन किडनीवरच्या ग्रंथींमधली एक वाट बंद करतं. मग दुसऱ्या वाटेवर मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोनं तुंबतात. त्यानं बीपी चढतं, पाय सुजतात आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ते तुंबणं आवरायला प्रेडनिसोलोन असतं. नुसतं अबिरॅटेरोन चालू ठेवून ते बंद करणं म्हणजे पोटॅशियम वाहून जाऊ देणं.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. त्यानंही पोटॅशियम जातं. जुलाबांतून आणखी गेलं. आणि एका पुडीत ज्येष्ठमध होतं. खोकल्यासाठी मीच रोज काढ्यात घालत होते. घरचं औषध, त्यानं काय होणार, असंच मला वाटायचं. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं, हे वयाच्या ६६ व्या वर्षी मला कॉटपाशी उभं राहून कळलं.

शेवटी ॲसिडिटीची कॅप्सूल निघाली, गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. तिच्यात डोम्पेरिडोन होतं. बाईंनी ईसीजीच्या कागदावर पेनाची टोकं ठेवून दाखवलं: प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. पुरुषी हार्मोन उतरला की तो वेळ आपोआप लांबतो. पोटॅशियम कमी झालं की आणखी लांबतो. वर डोम्पेरिडोन, ओकारीची ओंडानसेट्रॉन, अझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लोक्सासिनसारखी अँटिबायोटिक पडली की अजून. तो फार लांबला तर खालच्या कप्प्यांची ताल बिघडते, आणि ती एट्रियल फिब्रिलेशनपेक्षाही घातक. माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो.

सलाइनमधून हळूहळू पोटॅशियम दिलं. अबिरॅटेरोन काही दिवस थांबवलं, पोटॅशियम चारच्या वर गेल्यावर पुन्हा चालू केलं, प्रेडनिसोलोनसकट. ठोके आवरायला मेटोप्रोलॉल, तेही कमी डोसनं, कारण अबिरॅटेरोनमुळं ते रक्तात जास्त साचतं. पोटॅशियम टिकावं म्हणून एप्लेरेनोन दिलं. एरवी स्वस्त म्हणून स्पायरोनोलॅक्टोन देतात, पण ते याच आजाराला हार्मोनासारखा हात देऊ शकतं, म्हणून या रुग्णांना टाळतात. वरचे कप्पे थरथरत असले की रक्त तिथं साकळतं, गाठ धरते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांग. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी अपिक्साबान, रोज दोन वेळा, न चुकता. आता कंबर दुखली की डायक्लोचं इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही, रक्तस्राव होतो. कुणी कर्करोगाची गोळी बदलून एन्झालुटामाइड सुरू करायचं म्हटलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. त्या गोळीनं अपिक्साबानचा जोर कमी होतो.

हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मला कळलं, तर ते कुणालाही कळेल. सांगणारं माणूस तेवढं पाहिजे.

माझी तक्रार कुणा एका दवाखान्यावर नाही. आम्ही जिथं इंजेक्शनला जायचो तिथले डॉक्टर भले आहेत. रांग बाहेरच्या दारापर्यंत असते. पण सहा महिन्यांत दर खेपेला पीएसए विचारला गेला आणि एकदाही ईसीजी निघाला नाही, पोटॅशियम बघितलं गेलं नाही. बीपीची गोळी गावातले डॉक्टर देतात, कर्करोगाची शहरातले, ॲसिडिटीची मेडिकलवाला देतो. या तिघांची गाठ फक्त आमच्या पिशवीत पडते. हे मला पटत नाही. पोटॅशियमची तपासणी महागडी नाही, ईसीजीला पाच मिनिटं लागतात. आमच्या भागातली माणसं उपचारासाठी बार्शी, सोलापूर, संभाजीनगरला एसटीनं जातात, पहाटे निघून रात्री परत येतात. महिन्याची ही तपासणी तालुक्याच्या गावी झाली आणि तिचा कागद पुढं गेला, तर कितीतरी घरांचा घोर कमी होईल.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. हार्मोनचे उपचार सुरू करण्याआधी एक ईसीजी आणि नंतर ठरावीक अंतरानं, अबिरॅटेरोन चालू असेल तर दर महिन्याला पोटॅशियम आणि बीपी, एवढं सक्तीचं करा. फाइलला मराठीत एक कागद लावा, त्यावर सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या एकत्र लिहिलेल्या असू द्या. आणि आशाताईंना नाडी मोजायला शिकवा. त्या उन्हातान्हात घरोघर जातात, त्यांचा हात रुग्णाच्या मनगटापर्यंत सहज पोचतो.

ज्यांच्या घरी हा रुग्ण आहे त्यांच्यासाठी, मी काय करते ते सांगते. सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी त्यांना पाच मिनिटं शांत बसवते. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पुरं एक मिनिट मोजते; ताल चुकत असली तर पंधरा सेकंदांचा हिशेब फसतो. बीपीचं मशीनही अशा वेळी एका दमात खरं सांगत नाही, म्हणून तीनदा लावते. जुलाब-उलट्या झाल्या की दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला नेते. नारळपाणी, केळी मनानं वाढवत नाही, कारण एप्लेरेनोन चालू असताना पोटॅशियम जास्त झालेलंही तितकंच वाईट. छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, तोंड वाकडं झालं किंवा एक हात ढिला पडला, तर गरमी म्हणून वाट बघायची नाही.

आमच्याकडं बायकांच्या कॅन्सरबद्दल आता थोडंफार बोललं जातं. पुरुषांचा हा आजार अजून पदराआड आहे. मालकांनी कितीतरी दिवस भावालाही सांगितलं नव्हतं. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "नाव नको छापायला, बाकी सगळं छापू दे." ज्येष्ठमधाचं काढून टाकू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, राहू दे.

पुढच्या सोमवारी इंजेक्शनची तारीख आहे. शनिवारी ईसीजी आणि पोटॅशियम करून घेणार आहोत. आज सकाळी नाडी ७६ होती. मधे दोनदा चुकली, तेही लिहून ठेवलंय.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. औसा, जि. लातूर
(नाव छापू नये, ही विनंती.)