जूनचं तिकीट अजून का काढलं नाही, त्याचं सविस्तर उत्तर

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा तुम्ही म्हणालात की अगं चार बोटं बर्फ पडला की शाळा बंद, आणि वर इकडे यायच्या तिकिटाची तारीख विचारली तर म्हणतेस शाळा कधी संपते ते माहीत नाही, ही कसली अमेरिका. तेव्हा मागे छोटी रडत होती आणि ह्यांना ड्युटीला निघायचं होतं म्हणून मी काही बोलले नाही. आज परत शाळा बंद आहे, दोन्ही पोरं बाहेर बर्फात लोळतायत, मला ऑफिसची मीटिंग अकराला आहे, तोवर लिहून टाकते. फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता!

तर तारखेचं आधी. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये नियम असा आहे की सरकारी शाळा वर्षात 180 दिवस भरलीच पाहिजे, पण कॅलेंडर आखताना मात्र 185 दिवसांचं आखायचं. म्हणजे पाच दिवस बर्फाच्या नावाने आधीच बाजूला. बर्फ पडला नाही तर जूनच्या मध्यावर सुट्टी, आणि जसजसे स्नो डे, म्हणजे बर्फामुळे शाळा बंद राहण्याचे दिवस, होतील तसतसा शेवटचा दिवस एकेक पुढे सरकतो. शनिवार-रविवार आणि 19 जूनची जूनटीन्थची (इथली गुलामगिरी संपल्याची) सुट्टी मधे आली की एकाचे तीन होतात. त्यामुळे फेब्रुवारीत बसून मी तुम्हाला जूनची तारीख सांगूच शकत नाही, अजून सगळा मार्च बाकी आहे आणि इकडे मार्चमध्ये पण चांगला दणकून पडतो, एप्रिलमध्येसुद्धा पडलेला आहे. बरं ह्यात आईचं वेगळंच, आंबा संपायच्या आत या. आई, मला काय हौस आहे का, मी प्रत्येक वेळी सकाळी साडेपाचला शाळेचा मेसेज आला की पहिलं हेच मनात मोजते की हापूस तर गेलाच, आता पायरी तरी मिळेल का. आणि आम्ही येऊन पोचतो तोपर्यंत तिकडच्या शाळा भरलेल्या असतात, दादाची मुलं सकाळी दप्तर घेऊन निघून जातात आणि आमची दोघं दिवसभर तुमच्या डोक्यावर.

आता चार बोटं बर्फाचं. बाबा, शाळा बर्फ किती पडला ह्यावर बंद होतच नाही खरं म्हणजे. तो कधी पडतो, कसला पडतो, आणि बस निघायच्या आत रस्ते साफ होतायत का, ह्यावर ठरतं. रात्री आठला सुरू होऊन दोनला थांबला तर फूटभर पडला तरी प्लाऊवाले, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांवाले, सकाळपर्यंत रस्ता काढतात आणि शाळा फार तर दोन तास उशिरा भरते. पण तेच पहाटे पाचला तीनच इंच पडायला लागला, आणि त्यात वरून पाऊस होऊन खाली गोठला, की संपलं. काळ्या डांबरावर पारदर्शक बर्फाचा थर बसतो, त्याला ब्लॅक आइस म्हणतात, दिसत नाही, आणि त्याच्यावरून पन्नास पोरांची पिवळी बस चालवायची. रस्त्यावर मीठ टाकतात ते मीठसुद्धा उणे नऊ-दहाच्या खाली गेलं की फारसं काम करत नाही. शिवाय रस्ता साफ झाला म्हणजे सगळं झालं असं नाही, प्लाऊ तो सगळा बर्फ कडेला ढकलतो म्हणजे फुटपाथवर, मग पोरं बसची वाट बघत रस्त्यातच उभी राहतात, अंधारात, कारण जानेवारीत इथे सूर्य सातच्या नंतर उगवतो. आणि आपल्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरात गाडी आणायच्या वाटेच्या, तोंडाशी तोच प्लाऊ जी भिंत घालून जातो ना, ती सगळ्यात जड, ओली, दगडासारखी. आत्ता फावड्याने तास घालवून काढली की हा परत येऊन घालून जातो. ह्यांच्या हॉस्पिटलमध्ये दर वादळानंतर बर्फ उपसताना छातीत दुखायला लागलेले लोक येतात, म्हणून हे मला सारखं सांगतात की थोडं थोडं काढ. मग स्वतः येऊन एका दमात काढतात.

ठरवतं कोण हे तुम्हाला आवडेल. तिकडे पूर आला की कलेक्टर साहेबांचा आदेश निघतो आणि अख्ख्या जिल्ह्याला सुट्टी, ती पण बहुतेक वेळा पोरं शाळेत जाऊन बसल्यावर कळते. इकडे असं राज्याचं काही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये 351 गावं-शहरं आहेत आणि शाळांचा कारभार गावागावाचा किंवा दोन-चार गावांनी मिळून, प्रत्येकाचा सुपरिंटेंडेंट म्हणजे शिक्षणाधिकारीच म्हणा, तो ठरवतो. तो बिचारा पहाटे चारला उठून प्लाऊवाल्यांना फोन, पोलिसांना फोन, बसच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन, मग शेजारच्या गावांच्या सुपरिंटेंडेंटना फोन की तुम्ही काय करताय. बरेचजण स्वतः गाडी काढून चढाचे रस्ते बघून येतात. आणि मग सगळे मिळून शिव्या त्यालाच घालतात. बंद केली तर आम्ही कामाला कसं जायचं, चालू ठेवली तर आमच्या पोरांच्या जिवाशी खेळताय. पूर्वी म्हणे काही गावांत फायर स्टेशनचा भोंगा ठरावीक वेळा वाजवायचे, तो ऐकला की पोरं परत पांघरुणात. नंतर टीव्हीवर गावांची नावं ए बी सी डी प्रमाणे सरकत जायची आणि आपलं नाव निघून गेलं की परत पहिल्यापासून. आता मोबाईल वाजतो.

आणि लवकर सोडून देणं हे बंद ठेवण्यापेक्षा धोक्याचं, हे मला इथे आल्यावर कळलं. 2007 च्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये, प्रॉव्हिडन्स शहरात दुपारी वादळ आलं, ऑफिसं आणि शाळा सगळ्या एकदम सुटल्या, रस्ते तुंबले आणि शाळेच्या बसमध्ये पोरं रात्री उशिरापर्यंत अडकून. 2014 च्या जानेवारीत अटलांटात तर जेमतेम दोन-अडीच इंच पडला होता, हजारो मुलांनी रात्र शाळेच्या जिममध्ये, लायब्ररीत काढली. अटलांटात प्लाऊच नाहीत पुरेसे, सवयच नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत मावशीची पोरं शाळेतच राहिली होती आठवतं? तुम्ही रात्रभर फोन लावत होता आणि लागत नव्हता. तसंच की. त्यामुळे इथे सकाळीच बंद म्हणाले की मला हायसंच वाटतं, दिवस गेला तर गेला.

हायसं वाटतं कारण मला घरून काम करता येतं, हेही खरं. बाबा तुम्ही विचारलंत की शाळा बंद तर पोरं कोण बघतं, तर हाच सगळा घोळ आहे. ह्यांना हॉस्पिटलला जावंच लागतं, बर्फ असो नाहीतर काही असो, उलट वादळाच्या आदल्या रात्री बॅग भरून जातात आणि तिथेच झोपतात. मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून एका हाताने पोरांना मॅगी. पण आमच्या गल्लीत एक बाई आहेत, वृद्धाश्रमात काम करतात, तासावर पगार. शाळा बंद झाली की त्यांना दोनच पर्याय, कामावर नाही गेलं तर त्या दिवसाचे पैसे गेले, गेलं तर लहान पोराला कुणाकडे ठेवायचं. पाळणाघरं पण बरीचशी शाळेबरोबरच बंद होतात, फी मात्र महिन्याची पूर्ण. त्यांचा मुलगा आज आमच्याकडे आहे, पोहे आवडले त्याला, शेंगदाणे तेवढे वेचून बाजूला काढले. ह्या बायकांचं कुणी मोजत नाही असं मला वाटतं, सगळी चर्चा अभ्यास बुडाला का ह्याचीच.

आणि जेवणाचं. तुम्ही हेडमास्तर असताना सुट्टी जास्त दिवस लागली की म्हणायचात ना, काही पोरं खिचडीसाठी येतात त्यांचं काय. अगदी तेच इथे आहे, ह्या श्रीमंत देशात. मॅसॅच्युसेट्समध्ये 2023 पासून सगळ्या सरकारी शाळांतला नाश्ता आणि जेवण कायमचं मोफत झालंय, पण शाळा बंद म्हणजे तेही बंद. न्यूयॉर्कमध्ये 2014 च्या फेब्रुवारीत एवढ्या मोठ्या वादळात महापौरांनी शाळा चालू ठेवल्या, त्यात एक कारण हेच होतं की पुष्कळ मुलांना गरम जेवण शाळेतच मिळतं. लोकांनी फाडून खाल्लं त्यांना, त्यात शिक्षण खात्याच्या प्रमुख बाई बाहेर किती सुंदर दिवस आहे असं काहीतरी बोलून गेल्या. पण मुद्दा खोटा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल ऑनलाइन शाळा घ्या, कोरोनात घेतलीच की. न्यूयॉर्कने तेच केलं होतं, स्नो डे काढूनच टाकले होते, बर्फ पडला की लॅपटॉप उघडायचा. 2024 च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करायला गेले तर सकाळी एकदम इतके लोक लॉगिन करायला गेले की लॉगिनच होईना. आमच्या राज्यात आधी ब्लिझर्ड बॅग म्हणून प्रकार होता, बर्फाच्या दिवशी घरी करायचा अभ्यास पोरांना आधीच देऊन ठेवायचा आणि तो दिवस शाळेचा धरायचा. राज्याच्या शिक्षण खात्याने तो बंद करायचं ठरवलं, कारण घरी कुणाचे आईबाप घेऊन बसतात आणि कुणाचे नाही, सगळ्यांना सारखं कसं मिळणार. मला हे पटतं. दुसरीतल्या पोरीला लॅपटॉपसमोर बसवायचं म्हणजे खरी शाळा आईलाच असते, कोरोनात केलंय आपण, पुरे झालं. बंद तर बंद, जूनमध्ये भरून काढा. माझा आंबा गेला तरी चालेल. (आई, हे वाक्य वाचू नकोस.)

तुमच्यासाठी एक खास. हार्वर्डच्या जोशुआ गुडमन नावाच्या प्राध्यापकाने 2014 मध्ये ह्याच राज्यातल्या शाळांचा अभ्यास केला होता, की स्नो डे मुळे मुलांचे मार्क कमी होतात का. तर शाळा पूर्ण बंद राहिली त्याचा मार्कांवर परिणाम दिसला नाही, पण शाळा चालू असताना एकेकटी मुलं गैरहजर राहतात त्याचा दिसला. कारण सगळा वर्गच एक दिवस मागे पडला तर मास्तर पुढच्या आठवड्यात ओढून घेतो, पण आज पाच नाहीत, उद्या दुसरे सात नाहीत, तर त्याने कुणाकुणाला परत शिकवायचं? हे वाचल्यावर मला तुमची हजेरीची वही आठवली, लाल शाईची. त्यामुळे बर्फात हट्टाने शाळा उघडायची आणि निम्मीच पोरं यायची, ह्यापेक्षा सरळ बंद बरी, असं आता मी म्हणते आणि ह्यात हार्वर्ड माझ्या बाजूने आहे, तुम्ही एकटे पडलात.

पोरांना अर्थातच ह्यातलं काही नाही. रात्री बातम्यांत वादळ म्हटलं की दोघं नाइट ड्रेस उलटा घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात आणि फ्रीजमधला बर्फ संडासात टाकून फ्लश करतात, असं केलं की सुट्टी मिळते म्हणे. वर्गातली सगळी पोरं करतात. मोठा आता सहावीत, त्याला खरं वाटत नाही पण चमचा ठेवतो. मी काही बोलत नाही, तुम्ही पण परीक्षेच्या दिवशी मला दही-साखर देऊनच पाठवायचात.

आणि यंदाचं म्हणाल तर घाबरू नका, 2015 सारखं काही नाही. त्या हिवाळ्यात बॉस्टनला 110 इंचांच्या वर बर्फ पडला होता, आजवरचा रेकॉर्ड, नुसत्या फेब्रुवारीत पाच फुटांहून जास्त. लोक खिडकीतून बर्फाच्या ढिगात उड्या मारायला लागले, शेवटी महापौरांना टीव्हीवर येऊन सांगावं लागलं की बाबांनो उड्या मारू नका. तेव्हा शाळांचे राखीव दिवस संपून गेले, काही ठिकाणी जून संपत आला तरी वर्ग चालू, आणि इथल्या बऱ्याच जुन्या शाळांत एसी नाही. तुम्ही पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची फुटं मोजता, 40 झाली, 45 झाली, तसे आम्ही इंच मोजतो एवढंच. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा तुमच्या शाळेत लोक राहायला आले होते आणि तुम्ही रिटायर होऊनसुद्धा रोज तिकडेच, तेव्हा मी इथून काय काळजीत होते ते तुम्हाला माहीत नाही. त्यामुळे ऑगस्टपर्यंत तिकडे राहू नका पोरांना घेऊन असं हे म्हणतात, तेही एक आहेच.

तर ठरवलंय असं. पाचही राखीव दिवस गेले असं धरायचं आणि त्याच्या नंतर दोन दिवस सोडून, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट ह्या शनिवारी काढून टाकते, महाग पडलं तरी. लवकरचं काढून पोरांचे शेवटचे दोन दिवस बुडवायचे असं माझ्या मैत्रिणी करतात, पण बाबांना काय तोंड दाखवू? आईने रस काढून फ्रीजरला ठेवावा, बिनसाखरेचा, ह्यांची शुगर वाढली आहे. दादाला सांगा मुंबईला घ्यायला येऊ नको, आम्ही गाडी करून येतो. आणि बाबा डोळ्याचं ऑपरेशन आम्ही यायच्या आधी उरकून घ्या, नंतर म्हणून पुढे ढकलू नका, पावसात ते नकोच.

मीटिंगची वेळ झाली. पोरांचे हातमोजे ओले झालेत, आत आली दोघं.

तुमची,
चिमू

ता. क. हे पाठवायचं राहिलं होतं, आत्ता रात्री आठला मेसेज आला, उद्या दोन तास उशिरा शाळा. पण भरणार आहे, म्हणजे तो दिवस शाळेचा धरतात, जून सरकत नाही. आईला सांगा.