जुन्या बाजारातला बीबीसी मायक्रो

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

"त्या भंगारावर अजून किती पैसे घालणार आहेस?" असं तू परवा विचारलंस आणि मी हसून विषय बदलला. फोनवर सांगून संपेल असं ते उत्तर नव्हतं. शिवाय तुझ्याकडे एक कामही आहे, तेव्हा कंटाळा न करता शेवटपर्यंत वाच.

जुन्या बाजारात मला जे मिळालं तो बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आहे, मॉडेल बी. आपल्या शाळेत चपला बाहेर काढून ज्याच्यासमोर बसायचो, तोच. १९८४ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना हीच यंत्रं मिळाली होती, आठवतंय? केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते डिसेंबर १९८१ मध्ये आणलं. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि मेमरी अवघी ३२ केबी. तुझे मामा रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा जो फोटो ग्रुपवर टाकतात, तोही त्यात मावणार नाही. विकणारा त्याला टाइपरायटर समजत होता. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

घरी आणून लगेच वायर लावायची नसते. याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, दोन तारांमध्ये बसवलेला एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, आत कागदाचं इन्सुलेशन आणि वर पिवळसर पारदर्शक आवरण. वयामुळे आवरणाला बारीक चिरा जातात, आत दमट हवा शिरते आणि मग चालू केल्यावर काही मिनिटांत घरभर धूर. आपल्याकडच्या पावसाळ्यात राहिलेल्या यंत्राबद्दल तर शंकाच नको. म्हणून तो आधीच काढून टाकला. नवा आणायला तपकीर गल्लीत गेलो, तर दुकानदार साधाच हातात देऊन म्हणतो, "हाच न्या, सगळे हाच नेतात." पण थेट मेन्सवर बसणारा कपॅसिटर 'एक्स२' वर्गाचाच लागतो. तो बिघडला तरी आग लागू नये अशी त्याची रचना असते. शेवटी शेजारच्या दुकानात मिळाला. आणि हो, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसून असतात. तो रेझिस्टर लावून रिकामा केल्याशिवाय हात घालायचा नाही.

मग रेडिओवाल्यांचा सिरीज बोर्ड काढला, म्हणजे पॉवर सप्लायला वीज एका बल्बमधूनच जाते. साठ वॉटचा बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. शॉर्ट असता तर लख्ख पेटून राहिला असता.

यंत्राचा मुख्य बोर्ड जोडल्यावर खरी मजा सुरू झाली. धड असलेला बीबीसी चालू होताना 'बू-बीप' असा दोन सुरांत बोलतो. हा नुसताच 'बूऽऽऽ' करत बसला. आता यातली गंमत बघ. वीज आली की आवाजाची चिप आपणहून ओरडायला लागते. प्रोसेसर जागा होतो, तिला गप्प करतो आणि मग दुसरा सूर वाजवतो. म्हणजे सूर थांबला नाही, तर प्रोसेसर कामालाच लागला नाही हे कानावरूनच कळतं. या यंत्रात मोठ्या चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या आहेत. रॉमच्या (कायमचे प्रोग्रॅम असलेल्या) चिप उपसल्या तर पाय काळे पडलेले. ते घासून परत बसवले, बटण दाबलं... बू-बीप! पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'. ही हातातल्या चमच्यासकट स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला शॉक लागला.

पैशांचा हिशेब विचारतोस ना? माझा फोन बिघडला तेव्हा दुकानदार म्हणाला, "बोर्ड बदला नाहीतर नवा घ्या." आणि इथे चाळिशी ओलांडलेल्या यंत्राचा पूर्ण सर्किट डायग्राम माझ्या टेबलावर आहे, बोर्डावर प्रत्येक चिपचा नंबर छापलेला आहे, आणि बिघाड कुठे आहे ते माझ्यासारखा हौशी माणूस विचार करून शोधू शकतो. मला पैसे घालायचे आहेत ते यावर.

ब्रिटिश यंत्राचा आणखी एक फायदा. वीज त्यांची आपल्यासारखीच, टीव्हीही आपल्यासारखाच 'पाल' या प्रक्षेपण पद्धतीचा. त्यामुळे आमच्या जुन्या टीव्हीवर चित्र सरळ आलं. अमेरिकन यंत्र असतं तर ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात होती. चित्र मात्र कृष्णधवल. रंगासाठी बोर्डावर एक लिंक जोडावी लागते, ते बघू.

पिवळट पडलेली केस हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली की पांढरी होते. बरेच जण करतात. मी नाही करणार. रंग पुन्हा पिवळा पडू शकतो, प्लॅस्टिक ठिसूळ व्हायची भीती वेगळीच. आणि आपले केस पिकले तर याने का तरुण दिसावं?

सध्या रोज रात्री देवनागरी अक्षरं काढतो. 'व्हीडीयू २३' ही आज्ञा देऊन आठ बाय आठ ठिपक्यांचं हवं ते अक्षर बनवता येतं. अशा ३२ जागा आहेत. वरची एक ओळ शिरोरेषेतच जाते, उरलेल्या सातांत 'क' जमतो, 'ळ' कसाबसा, 'क्ष' रडवतो. वेलांटीला जागाच नाही. ती वेगळी बनवून 'व्हीडीयू ५' ने अक्षरावर चढवावी लागते. काल 'मिरज' लिहिलं. वेलांटी चक्क 'र'वर गेली होती, पण वाचता येत होतं.

एक सांगायचं राहिलं. या यंत्राची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनीच पुढे स्टीव्ह फर्बर यांच्याबरोबर एआरएम प्रोसेसर रचला. पहिली चिप १९८५ ची. ती बनण्याआधी विल्सन यांनी तिची नक्कल बीबीसी बेसिकमध्येच लिहून पाहिली होती. आज फोनमध्ये जे प्रोसेसर असतात ते याच घराण्यातले. तेव्हा भंगार म्हणताना जरा जपून.

आता काम. तेव्हा प्रोग्रॅम आपण साध्या गाण्यांच्या कॅसेटवरच साठवायचो. काकूंच्या नाट्यगीतांच्या कॅसेटची बी बाजू तू आपल्या प्रोग्रॅमनी भरली होतीस आणि त्यावरून मार खाल्ला होतास. ती मिरजेच्या माळ्यावर असणारच. तुझा लगोरीचा खेळ त्यावर आहे. सापडली तर घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये अजिबात घालू नकोस. इतक्या वर्षांत आतला रबरी पट्टा वितळलेला असतो, रोलर कडक झालेला असतो, टेप गिळून टाकेल. खिडकीतून बघ, टेपच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर सांग, मी आधी ती साफ करीन. मग लॅपटॉपवर उतरवीन. प्रोग्रॅम म्हणजे शून्य आणि एक यांची रांग; शून्य म्हणजे १२०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन, एक म्हणजे २४०० ची दोन, इतकंच असतं त्या किरकिरीत. २५६ बाइटचा एकेक तुकडा तपासणीच्या आकड्यासकट नोंदलेला असतो, त्यामुळे एखादी जागा खराब झाली तरी बाकीचं बहुतेक हाती लागतं.

दिवाळीला येतोसच, तेव्हा घेऊन ये. कुरिअर नको. काकूंना सांग, ए बाजूची गाणीही मोबाइलवर घालून देतो, म्हणजे त्या लवकर शोधतील.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू